टेक्सासच्या कुरणांतील जाळरेषा



१८८१ च्या नोव्हेंबरात ९ तारखेस अमेरिकेतील टेक्सास संस्थानच्या राजधानीत, ऑस्टिन शहरी, विधिमंडळाची जुनी इमारत आगीत जळून गेली. नवी इमारत बांधावयाची हे आधीच ठरले होते आणि तिच्यासाठी सरकारी जमीनही राखून ठेवली होती. आगीने त्या कामाला घाई आणली इतकेच. तिजोरीत पैसा बेताचा, पण जमीन मात्र अमाप, अशी त्या संस्थानची स्थिती होती. तेव्हा सौदा असा ठरला की कंत्राटदाराने इमारत बांधून द्यावी आणि मोबदल्यात ३० लाख एकर जमीन घ्यावी. शिकागोच्या फारवेल बंधूंनी व त्यांच्या भागीदारांनी हा सौदा पत्करला. आपला सातारा जिल्हा सबंध उचलून त्या जमिनीत ठेवला तरी वर आणखी जमीन उरेल, एवढा तिचा विस्तार. न्यू मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून उत्तर-दक्षिण सुमारे दोनशे मैलांची ती पट्टी होती. पुढेमागे तुकडे पाडून ती शेतकऱ्यांना विकावयाची, आणि तोवर तिच्यावर गुरे चारावयाची, असा मालकांचा बेत होता. १८८५ च्या जुलैमध्ये पहिले कळप आले आणि त्यांच्या अंगावर एक्स, आय, टी या तीन अक्षरांचा डाग उमटला. ‘एक्सआयटी’ रँच ती हीच.

एका आगीच्या निमित्ताने मार्गी लागलेल्या या रँचने पुढे ज्या ज्या गोष्टींची धास्ती घेतली, त्यांत आगीचा क्रम फार वरचा होता. आज मी आपल्यापुढे जो इतिहास मांडणार आहे तो या धास्तीचा, आणि तिच्यावर माणसाने काढलेल्या एका साध्या उपायाचा आहे. आपल्या वनखात्यात त्या उपायाला जाळरेषा म्हणतात. टेक्सासचे गुराखी त्याला ‘फायरगार्ड’ म्हणत.

रँच म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे घोडा, फास आणि पिस्तूल उभे राहते. चित्रपटांनी ती कामगिरी चोख बजावली आहे. नांगर कोणालाही आठवत नाही. आठवणार तरी कसा? घोड्यावरून न उतरता जे करता येत नाही, ते काम आपले नव्हेच, असा त्या काऊबॉयचा तोरा असे. आणि तरीही हजारो मैल नांगरट झाली, ती गुरांच्याच रानात, आणि पीक घेण्यासाठी मुळीच नव्हे.

हे रान कसे आहे ते आधी पाहिले पाहिजे. टेक्सासच्या नकाशात वर उत्तरेला तव्याच्या दांड्यासारखा जो चौकोनी भाग दिसतो, त्याला पॅनहँडल म्हणतात. उंच, सपाट, झाड औषधालासुद्धा सापडावयाचे नाही असे ते पठार. पाऊस साधारण आपल्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्याइतकाच, वर्षाला अठरा-वीस इंच. ‘ग्रामा’ आणि ‘बफेलो’ ही तेथील मुख्य गवते आखूड आहेत, पण त्यांचा एक मोठा गुण असा की ती उभ्या उभ्या वाळतात आणि वाळली तरी कस धरून राहतात. आपल्याकडे गवत कापून, पेंढ्या बांधून, गंजी रचून ठेवल्याशिवाय उन्हाळा निघत नाही. तिकडे गुराखी काहीच कापीत नसे. रानात उभे असलेले वाळके गवत हीच त्याची गंजी, आणि तीवरच गुरांनी बर्फाचा हिवाळा काढावयाचा. म्हणजे शरदात जर वणवा लागला, तर सहा महिन्यांची वैरण एका दुपारी गेली असे समजावे. आगीत मेलेल्या गुरांपेक्षा आगीनंतर उपासमारीने मरणाऱ्या गुरांचा घोर मोठा असे, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी.

वणवे तेथे नवे नव्हते. काबेसा दे व्हाका नावाचा स्पॅनिश प्रवासी १५२८ मध्ये जहाज फुटून टेक्सासच्या किनाऱ्याला लागला आणि पुढे काही वर्षे तेथील लोकांत राहिला. हे लोक डास घालविण्यासाठी आणि शिकार हाती यावी म्हणून रान पेटवून देतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. १५४१ मध्ये कोरोनादोची स्वारी याच पठारावरून गेली. तिच्यात हजार घोडे, पाचशे गाई, पाच हजारांवर मेंढरे आणि दीड हजारांवर माणसे होती. तरी एवढा लवाजमा पुढे सरकला की मागे गवत पुन्हा ताठ उभे राही आणि आपण कोठून आलो याची खूणही उरत नसे, अशी नोंद त्या स्वारीतील कास्तान्येदा याने केली आहे. जाळरेषेच्या इतिहासात मला ही नोंद फार मोलाची वाटते. ज्या गवतावर सात हजार जनावरांची वाट टिकत नाही, तेथे माणसाने काढलेली रेघ टिकवावयाची म्हणजे काय काम आहे, याचा अंदाज तीवरून येतो.

पुढे या पठारावर कोमांची लोकांचा अंमल बसला. त्यांना आग हे शस्त्रही होते आणि अवजारही. शत्रूच्या घोड्यांना चारा मिळू नये म्हणून ते रान जाळीत. जळलेल्या जागी कोवळे गवत उगवले की गवे तेथे आपणहून येत, म्हणूनही जाळीत. परिणाम असा होई की सारे रान कधीच एकसारखे वाढलेले नसे. येथे यंदाचा जळका पट्टा, तेथे गेल्या वर्षीचा, पलीकडे गव्यांनी खाऊन तुडवून उघडी पाडलेली जमीन. शिवाय प्रेअरी डॉग नावाचा, खारीच्या कुळातला, बिळे करून राहणारा एक प्राणी आहे. तो आपल्या वसाहतीभोवतीचे गवत कुरतडून जमीन बोडकी करतो. टेक्सासातील या प्राण्याची अशी एक वसाहत २५ हजार चौरस मैलांवर पसरली असून तीत ४० कोटी प्राणी असावेत, असा अंदाज व्हर्नन बेली या सरकारी प्राणिशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये छापला. अंदाज तो अंदाज. पण त्यातून प्रमाणाची कल्पना येते. हे सारे बोडके पट्टे म्हणजे आयत्याच जाळरेषा होत्या. कोणी आखल्या नाहीत, कोणी नांगरल्या नाहीत, पण आग त्यांच्यापाशी येऊन अडखळत असे.

ही घडी अवघ्या पाच-सात वर्षांत विस्कटली. १८७४ च्या सप्टेंबरात पालो दुरो या खोल दरीत कर्नल मॅकेन्झीच्या घोडदळाने कोमांची व कायोवा यांच्या तळांवर छापा घातला. माणसे फारशी मेली नाहीत, पण त्यांचे हजाराहून अधिक घोडे गोळ्या घालून मारण्यात आले. घोडा गेला तेथे कोमांचीचे स्वातंत्र्य संपले. १८७५ च्या जूनमध्ये क्वाना पार्कर आपल्या लोकांसह शरण आला. त्याच सुमारास कातड्यासाठी गव्यांची कत्तल चालू होती आणि सत्तरीचे दशक संपता संपता दक्षिणेकडचा कळप नाहीसा झाला. १८७६ मध्ये चार्ल्स गुडनाइट याने त्याच पालो दुरो दरीत आपली गुरे आणून घातली आणि पॅनहँडलमध्ये रँचचा काळ सुरू झाला. प्रेअरी डॉग गवत खातो म्हणून पुढे रँचवाल्यांनी त्याला विष घालून मारले. म्हणजे पाहा, गवत खाणारा गवा गेला, गवत जाळणारा माणूस गेला, गवत कुरतडणारा प्राणीही जाऊ लागला, आणि गवत मात्र राहिले! एवढे सलग, एवढे एकसारखे वाळलेले रान त्या पठाराने पूर्वी क्वचितच पाहिले असेल. माझ्या मते ऐंशीच्या दशकातील मोठ्या वणव्यांची खरी मेख येथेच आहे. रँचवाले मात्र वणव्याचा दोष विजेला, आगगाडीला, नाही तर एखाद्या सूड घेणाऱ्या माणसाला देत.

अर्थात हे दोषही खोटे नव्हते. तारेच्या कुंपणांवरून त्या वेळी टेक्सासात अक्षरशः लढाया चालल्या होत्या, आणि कुंपण तोडणारे लोक मालकाचे रानही पेटवीत. १८८४ च्या खास अधिवेशनात विधिमंडळाने कायदा केला. कुंपण तोडल्यास एक ते पाच वर्षे, आणि द्वेषाने कुरण पेटविल्यास दोन ते पाच वर्षे तुरुंगवास! कुंपणापेक्षा गवताची किंमत जास्त ठरली हे या आकड्यांतच दिसते. १८८८ मध्ये फोर्ट वर्थकडून येणारा लोहमार्ग पॅनहँडल ओलांडून गेला, आणि त्याबरोबर इंजिनाच्या ठिणग्याही आल्या. प्रेअरीतील अनेक संस्थानांनी पुढे रेल्वे कंपन्यांवर रुळांच्या दोन्ही अंगांनी जमीन नांगरण्याची सक्ती केली, ती याच कारणाने.

एक्सआयटीला पहिला तडाखा बसला तो पहिल्याच वर्षी. १८८५ च्या शरदात उत्तरेकडून आलेल्या वणव्याने तिच्या वरच्या भागातील चराई मोठ्या प्रमाणात जाळून टाकली. कळप आणून चार महिनेही झाले नव्हते. पुढे जानेवारी १८८६ मध्ये भयंकर हिमवादळ झाले आणि पॅनहँडलमधील कुंपणांना अडकून गुरांचे ढीगच्या ढीग मेले. हे पाहिल्यावर शिकागोच्या व्यापाऱ्यांना उमगले की कागदावर तीस लाख एकर असणे निराळे आणि जानेवारीत गवत शिल्लक असणे निराळे.

आता जाळरेषेची कृती सांगतो. प्रथम नांगराचे चार-सहा तास शेजारी शेजारी ओढावयाचे, म्हणजे उघड्या मातीची एक पट्टी तयार होते. मग तिच्यापासून कोठे पन्नास, कोठे शंभर फूट अंतर सोडून तशीच दुसरी समांतर पट्टी काढावयाची. आग अडविणारा खरा भाग या दोन पट्ट्या नव्हेत, त्यांच्यामधले गवत होय. शरदात पहिले कडक दहिवर पडून गवत वाळले, की वारा पडलेली संध्याकाळ पाहून ते मधले गवत आपणच पेटवून द्यावयाचे. दोन्हीकडे माती असल्यामुळे आग बाहेर जात नाही, आणि उरतो तो काळा, जळका, निर्धास्त पट्टा. पेटविताना वारा फिरला तर मात्र जाळरेषेचाच वणवा होतो, म्हणून पाण्याने भिजवलेली पोती घेऊन माणसे दोन्ही बाजूंनी चालत असत.

हे एकदा करून भागत नाही, आणि येथेच खरी गोम आहे. पहिल्या वर्षी हुरूप असतो. दुसऱ्या वर्षी मातीत तण उगवते, कडेचे गवत आत सरकते, पावसाने तास बुजतात. तिसऱ्या वर्षी हिशेबनीस विचारतो की गेल्या दोन वर्षांत आग आली नाही, मग खेचरे आणि माणसे यावर हा खर्च कशाला? आणि नेमकी चौथ्या वर्षी आग येते. त्यात आणखी एक दैवदुर्विलास घडला. रशियाकडून जवसाच्या बियाण्यात मिसळून आलेले एक काटेरी तण सत्तरीच्या दशकात डाकोटात रुजले. त्याला नांगरलेली उघडी जमीन फार मानवते. वाळल्यावर त्याचे गोल झुडूप बुडातून तुटते, वाऱ्याबरोबर घरंगळत मैलोगणती बी सांडीत जाते आणि शेवटी कुंपणाला अडकून तेथे ढीग साचतो. ज्या नांगरटीने आग अडवावयाची, तिनेच आगीला असे सरपण पुरवावे! नांगरलेली रेषा दरवर्षी पुन्हा नांगरली नाही, तर ती नसल्यापेक्षा वाईट, हे अनेकांना असे कळले.

वणवा प्रत्यक्ष आल्यावर तो विझविण्याची जी रीत होती, ती ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या अंगावर काटा येईल. परंतु इतिहासाने ती गाळून चालणार नाही. गुराखी कळपातील एक मोठे जनावर तेथल्या तेथे मारीत, ते लांबीने चिरीत आणि ओली बाजू जमिनीकडे करून त्याच्या पायांना दोर बांधीत. दोन घोडेस्वार ते दोर खोगिराला अडकवून आगीच्या ओळीवरून धड ओढत नेत. एक स्वार जळालेल्या बाजूला, दुसरा न जळालेल्या बाजूला. जळक्या बाजूच्या घोड्याचे खूर भाजत, म्हणून घोडे पुनःपुन्हा बदलावे लागत. मागून पोती, घोंगड्या आणि पावसाळी कोट घेऊन इतरांनी उरलेले निखारे बडवावयाचे. पाणी नसलेल्या मुलुखात ओलावा मिळविण्याचा हा एकच मार्ग त्यांना दिसला. पुढे काही रँचवर धडाऐवजी साखळ्यांच्या जाळ्या वापरात आल्या.

मग जाळरेषेचा उपयोग तो काय? रेषा आखली की आग तेथे थांबते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरीचशी चुकीची आहे. सोसाट्याच्या वाऱ्यावर धावणारी आग शंभर फुटांचा पट्टा सहज ओलांडते. वाळलेली रानशेणी पेटते, वाऱ्याने उडते किंवा घरंगळते आणि पलीकडच्या गवतात जाऊन पडते. एक शेणी पुरे. परंतु या पट्ट्यावर माणसाला उभे राहता येते. पाठीशी न जळणारी जमीन असली म्हणजे तेथून समोर, येणाऱ्या वणव्याच्या दिशेने, आपणच दुसरी आग सोडता येते. ती वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते आणि वणव्याला खावयास काही शिल्लक ठेवीत नाही. अशा उलट्या जाळासाठी आयती सरळ रेघ हवी. वणवा दिसल्यावर नांगर जुंपावयास वेळ नसतो. दुसरा उपयोग आगीच्या बगलांवर होतो. वणव्याचे तोंड पुढे धावते, पण बगला हळू जळत पसरतात, आणि त्या रेषेपाशी खरोखरच अडतात. तटबंदीपेक्षा रेषेला मोर्चाची जागा म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

याच काळात आपल्या बाजूला काय चालले होते, हे जाता जाता सांगितले पाहिजे. सातपुड्यातील बोरीच्या सागवानी जंगलाला १८६४ पासून कर्नल पिअर्सन याने वणव्यापासून संरक्षण दिले. हिंदुस्थानातील सरकारी अग्निरक्षणाची सुरुवात तेथून मानतात. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळणे, कोवळ्या गवतासाठी रान जाळणे हा गोंड-कोरकूंचा पिढीजात रिवाज होता. तो एकाएकी गुन्हा ठरला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी फांद्या तोडण्यावरून आणि जंगलाच्या इतर निर्बंधांवरून रयत इतकी बिथरली की सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. टेक्सासात गवतासाठी, सातपुड्यात सागासाठी. पण दोन्हीकडे जाळरेषा आली ती जुने जाळणारे हटविल्यानंतर. ज्यांना आग हाताळता येत होती त्यांनाच आगीचे कारण ठरविण्यात आले.

एक्सआयटीचा पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. शतकाच्या अखेरीस तिच्यावर दीड लाखाच्या आसपास गुरे होती, पंधराशे मैल कुंपण होते, तीनशेहून अधिक पवनचक्क्या पाणी उपसत होत्या. तरी कर्ज फिटेना. १९०१ पासून जमिनीची मोठी विक्री सुरू झाली आणि १९१२ च्या नोव्हेंबरात शेवटची गुरेही विकली गेली. जमीन शेतकऱ्यांकडे गेली. त्यांनी जाळरेषेपुरता नव्हे, तर या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत नांगर घातला. गव्हाला भाव होता आणि काही वर्षे पाऊसही बरा झाला. नंतर १९३१ पासून दुष्काळ पडला. १४ एप्रिल १९३५ या रविवारी धुळीचा जो काळा डोंगर पठारावरून चालत आला, त्यात एक्सआयटीच्या जुन्या रानातील डॅलहार्ट हे गाव अंधारले. गवत राखण्यासाठी आलेला नांगर शेवटी गवत संपवून गेला. पुढे सरकारने उजाड जमिनी विकत घेऊन पुन्हा गवत लावले. डॅलहार्टजवळचे रिटा ब्लँका हे राष्ट्रीय कुरण १९६० मध्ये जाहीर झाले, ते अशाच जमिनींचे.

गवत परतले तशी आगही परतली. १२ मार्च २००६ रोजी अमॅरिलोच्या पूर्वेस लागलेल्या वणव्यांत नऊ लाख एकर रान जळाले आणि बारा माणसे मृत्यू पावली. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी हचिन्सन परगण्यात विजेच्या खांबापासून आग लागली. ‘स्मोकहाउस क्रीक’ नावाने ओळखला जाणारा हा वणवा साडेदहा लाख एकरांवर पसरला. टेक्सासच्या लिखित इतिहासात एवढा मोठा वणवा दुसरा नाही. दोन स्त्रिया दगावल्या आणि हजारो गुरे मेली. या आगीची चाल जुन्या गुराख्यांनी लगेच ओळखली असती. पहिल्या दिवशी पश्चिमेच्या वाऱ्याने ती अरुंद आणि लांबच लांब अशी पूर्वेकडे धावली. दुसऱ्या दिवशी उत्तरेचा गार वारा सुटला, आणि जी आतापर्यंत आगीची दक्षिण बगल होती ती सबंध लांबी एकदम आगीचे तोंड बनली. पहिल्या दिवशी बगलेवर रेषा बांधून झाली नाही, तर दुसऱ्या दिवशी कोठेही बांधता येत नाही. जेसीबी, विमाने, रस्ते सपाट करणारी यंत्रे, सारे असूनही हिशेब तोच राहिला.

आज तेथील अनेक रँचवाले नुसती नांगरट करीत नाहीत. गवत कापून, कडेने पाणी मारून रेषा करतात, म्हणजे माती उघडी पडत नाही, आणि त्या रेषेच्या आधाराने योग्य दिवस पाहून आपले रान आपणच टप्प्याटप्प्याने जाळतात. आग बंद केल्यापासून देवदारासारख्या झुडपांनी कुरणे गिळावयास सुरुवात केली, हेही त्यांना दिसले आहे. ओक्लाहोमा, नेब्रास्का, टेक्सास येथे शेजारी शेजारी मिळून अशा जाळण्यासाठी मंडळे करतात. ज्याचे रान जाळावयाचे त्याच्याकडे बाकीच्यांनी पंप आणि माणसे घेऊन जावयाचे, पुढच्या वर्षी त्याने यांच्याकडे. कॅन्ससच्या फ्लिंट टेकड्यांत तर ही प्रथा कधी बंदच पडली नव्हती. तेथे वीतभर मातीखाली गारगोटीचा थर असल्यामुळे नांगर चाललाच नाही, म्हणून उंच गवत वाचले. दरवर्षी मार्च-एप्रिलात रात्रीच्या वेळी त्या टेकड्यांवर आगीच्या वळणदार ओळी दिसतात. पेटविण्याआधी शेजाऱ्याला आणि परगण्याच्या अग्निशामक दलाला कळवावे लागते, आणि वारा ठराविक वेगापलीकडे गेला की त्या दिवसाचे काम उद्यावर टाकतात.